मातीचा पहिला हिवाळा

जबलपूरच्या स्टेशनवर आईला निरोप द्यायला अर्धी सिविल लाइन्स लोटली होती. सप्टेंबरचा घाम गळत होता आणि तिच्या डोक्यावर ओमतीच्या बाजारातून घेतलेली लोकरीची टोपी! "एक हिवाळा पाहते," ती ज्याला त्याला बजावत होती. "नाही जमलं तर परत. घर विकायचं नाव काढायचं नाही." हे शेवटचं माझ्यासाठी. बाबा गेल्यावर ती एकटी पडली होती, गुडघे दुखरे, आणि मी पार कॅनडात, विनिपेगला. मला ती कायमची हवी होती. मी तिला न्यायलाच आले होते.

तुम्ही मागे राहिलेले असा की माझ्यासारखे निघून गेलेले, तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या आयांना हलवणं म्हणजे काय ते. राज्यांची फेररचना झाली तेव्हा बाबांची कचेरी नागपूरहून जबलपूरला आली, आणि त्यांच्यामागे नवी नवरी असलेली आई. "एकदा उखडली, पुष्कळ झालं," असं ती म्हणायची. मी हट्टी, तर ती माझी आई.

विनिपेगला आमचं घर नवंकोरं होतं. पाया खणताना खोलातून निघालेली मऊ चिकणमाती मागच्या अंगणात पसरली होती. आईने आल्या आल्या तीत वाफा केला, आणि चारी बाजूंनी बांध घालून पाणी भरलं. जबलपूरच्या आसपास पावसाळाभर शेतात असंच पाणी अडवतात, मग ते सोडून देऊन ओलीवर गहू-हरभरा पेरतात. दुसऱ्या दिवशी सकाळीही वाफ्यात पाणी तसंच उभं. "ही तर आपलीच माती आहे बाई," ती खूश होऊन म्हणाली. मला वाटलं, चलो, जमलं!

कुठलं जमतंय! बर्फ पडला आणि आई मिटली. हीटरजवळ शाल पांघरून बसायची, विचारलं तेवढंच बोलायची. मी ऑफिसातून येऊन नको इतकी बडबड करायचे. कधी चिडायचेही, आणि मग मलाच वाईट वाटायचं.

मे महिन्यात गोठलेली जमीन सुटली तशी आई बाहेर पडली. तोच वाफा, तसाच बांध, पुन्हा पाणी भरलं. आम्ही आत जाऊन चहा पिऊन येतो तर वाफा रिकामा. आईचा चेहरा उतरला. "इथं मातीसुद्धा धरून ठेवत नाही," ती म्हणाली. "तू माझं तिकीट काढ."

आणि गंमत पाहा, पोटापाण्यासाठी मी नेमकं हेच करते. प्रयोगशाळेत मऊ माती गोठवायची, वितळवायची, आणि तिच्यातून पाणी किती वेगाने जातं ते मोजायचं. मी खुरपं घेऊन तिच्यासमोर फतकल मारली आणि एक ढेकूळ मोडून दाखवलं. आत बारीक बारीक भेगा, पापुद्रे सुटल्यासारख्या.

"आई, दही चुकून फ्रीझरमध्ये राहिलं की कसं होतं? गुठळ्या वेगळ्या, पाणी वेगळं. तसंच हे. मातीतलं पाणी एकेका जागी गोळा होऊन त्याचे बर्फाचे पातळ थर झाले. त्यांनी मधली माती दाबून घट्ट केली. बर्फ गेला, पण त्याच्या जागा उघड्या राहिल्या. माती खाली बसली, आणि पाण्याला मात्र वाट झाली."

"म्हणजे खराब झाली?"

"खराब काहून होईल? मुळांना बरंच आहे. ही खोलातली माती, हिने थंडी कधी पाहिलीच नव्हती."

आईने ढेकूळ हातात घेतलं, बोटांनी चुरलं. "दरवर्षी असंच होते का?"

"पहिल्या थंडीत सगळ्यात जास्त बदलते. मग दरवर्षी कमी कमी. सरावते."

तिने हाताची माती झटकली. मग उठली, गुडघ्यावर हात देत, आणि पायाने बांध मोडून टाकला. "मग हा कशाला? मेथीचं बी आण."

तिकिटाचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. मेथीला रोज पाणी द्यावं लागायचं, दोनदा. त्या निमित्ताने ती बाहेर राहू लागली, कुंपणापलीकडच्या म्हातारीशी हिंदीत गप्पा मारू लागली. त्या बाईला हिंदीतलं अक्षरही कळत नव्हतं, पण दोघींचं काही अडत नव्हतं.

जुलैत जबलपूरहून शेजारच्या भाभींचा फोन आला. आई मेथी निवडत होती, म्हणून मी स्पीकर लावला. "चाची, घर कब आ रही हो?"

"घर पे ही तो हूँ," आई सहज म्हणाली. "जबलपुर आऊँगी न, दिवाली में. घूमने."

या एका वाक्यासाठी मी वर्षभर जिवाचा आटापिटा केला होता. आणि ते कानावर पडल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून ढसाढसा रडले. जबलपूरला आता माझी वाट पाहणारं कोणी उरलं नव्हतं.

"आता काहून रडून राहिली?" आई म्हणाली. "चल, कणीक भिजव. पराठे करू."