भाषणकाका आणि लेकराची आन

भाषणकाकांसमोर कुणी नुसतं खोकलं, तरी खोकल्याचं कारण, त्यावरचा काढा आणि खोकला अंगावर काढून मेलेल्या एका मामेभावाची गोष्ट सांगितल्याशिवाय ते थांबत नसत. असा माणूस बुलडाण्याच्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होता. मी नव्याने लागले तेव्हा रुग्ण मला हळूच सांगत, "ताई, दारू सोडतो, पन काकाकडं नका पाठवू."

भाषणाचा शेवट ठरलेला. रुग्णाच्या लेकराला पुढे बोलवायचं आणि बापाला त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावायची. नातेवाईक डोळे पुसत, काका टोपी सारखी करत. "एकदा लेकराची आन घेतली का मानूस हालत नाही," हा त्यांचा सिद्धान्त. जे हलत ते पुन्हा केंद्रात तोंड दाखवत नसत, त्यामुळे सिद्धान्त कधी खोटा ठरला नाही.

मग वरून हुकूम आला, उपदेश बंद. पुण्याहून एक मॅडम नवी पद्धत शिकवायला आल्या. सोडायची इच्छा माणसाच्या स्वतःच्या तोंडून येऊ द्या, त्याचं ऐका, ऐकलेलं त्याला आपल्या शब्दांत सांगा, असं त्यांनी समजावलं. सरावासाठी काकांना दारुडा केलं आणि मॅडम समुपदेशक झाल्या. "तुम्हाला दारूबद्दल काय वाटतं?" एवढं विचारायचा अवकाश, दारुड्याने त्यांना दारूच्या दुष्परिणामांवर चहा येईपर्यंत व्याख्यान दिलं. मॅडमनी कपाळाला हात लावला.

काका मात्र पेटले. घरीदारी ज्याचं वाक्य त्यालाच परत करू लागले. काकू म्हणाल्या, "पाय दुखून राह्यले."

"म्हंजे तुले असं वाटते का तुहे पाय दुखून राह्यले."

"वाटत नाही, दुखतेत! उठा आन् गॅस बंद करा."

केंद्रातला एक जण तर हात जोडून म्हणाला, "काका, तुमचं भाषणच बरं होतं."

अशात रोहिणखेडची एक बाई आली. तिचा नवरा सुदाम काळीपिवळी चालवायचा. काकांनी त्याला पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता. पोळ्याला त्याने शपथ मोडली आणि नेमका पोरीला ताप भरला. ताप उतरला, पण सुदाम पोरीला हात लावेना. "पोरगी जवळ आली का हे उठून जातेत, आन् बाहीर जाऊन पेतेत," बाई म्हणाली. "पोरगी इचारते, बाबा माह्यावर काऊन रागावले?"

काकांनी भाषण न देता तिच्या घराचा पत्ता तेवढा लिहून घेतला. मला भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही रोहिणखेडला गेलो. सुदाम ओट्यावर होता. काकांना पाहून त्याने मान खाली घातली आणि भाषणाची वाट पाहू लागला. काका शेजारी टेकले. "सुदाम, तुले काय वाटते?" एवढंच विचारलं आणि गप्प बसले. त्यांना ते किती जड जात होतं, हे त्यांच्या जबड्यावरून दिसत होतं.

शेवटी सुदामच म्हणाला, "तिले जवळ घ्यावं वाटते, काका. पन माह्या हातानं तिले काई होईन असं भेव वाटते."

"म्हंजे तुले असं..." काकांनी पद्धतीप्रमाणे सुरुवात केली, पण मध्येच टोपी काढून हातात घेतली. "ते माह्यं पाप हाय, बापा. ताप तापानं आला, तुह्यानं नाही. शपथ मी घ्याले लावली, मीच तुले मोकळं करतो."

मॅडम असत्या तर त्यांनी गुण कापले असते. सुदाम रडला. मग कुणी न विचारता म्हणाला, "मले सोडाची हाय." हे वाक्य रुग्णाने आपणहून म्हणावं, यासाठीच तर ते सगळं प्रशिक्षण होतं. दाराआडून पोरगी पाहत होती. त्याने तिला हाक मारली.

पुढेही तो घसरला, पण घसरला की आपल्या पायांनी केंद्रात येऊन सांगू लागला. हळूहळू दारू सुटली.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. फार आठवण येते त्यांची. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते. अजूनही एखादी आजी नातवाला पुढे ढकलते, "घे याची आन!" मी त्या लेकराला बाहेर खेळायला पाठवते, आणि मगच त्याच्या बापाशी बोलायला बसते.