गणपत चळचळा कापू लागला

"चळचळा कापणे. म्हणजे भीतीने खूप थरथरणे," गुरुजी म्हणाले. "आता वाक्यात उपयोग." माझ्याकडे बघून ते हसले आणि फळ्यावर लिहिलं: मालकाला पाहताच गणपत चळचळा कापू लागला.

वर्ग खिदळला. देवरीजवळच्या आमच्या गावात गणपत एकच. माझे बाबा. मालक म्हणजे गुरुजींचे थोरले भाऊ. आदल्या दिवशी त्यांचे बैल बाबांच्या हातून सुटले, धानाच्या रोवणीसाठी टाकलेल्या पऱ्ह्यांत, कोवळ्या रोपांत शिरले. मालकानं अंगणात, दहा माणसांसमोर, बाबांचा कान धरला. बाबा कापत होते, हे खरं. गुरुजी ओसरीवर चहा पीत होते.

"उतरवून घे," ते मला म्हणाले. मी उतरवलं.

पुढचं सांगायला जड जातं. चाचणीत तोच वाक्प्रचार आला. मी तेच वाक्य लिहिलं. सातवीत होते, गुण हवे होते. दोनपैकी दोन मिळाले.

बाबांना फक्त सही येते. पेपर बघताना त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"हे माहं नाव हाये ना?"

"हो."

"काय लिवलंस व माय, माह्यावर?"

"चांगलं लिवलं."

ते पेपर घेऊन शेजारच्या काकाकडे गेले, मी मागोमाग. काकाला वाचता येत होतं. त्यानं वाचलं. माझ्याकडे बघितलं. "चांगलं लिवलं हाये, गणपत," म्हणाला. बाबा हसले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

महिन्याभरानं शाळेत साहेब तपासणीला आले. गुरुजींनी मलाच उभं केलं. "चळचळा कापणे. सांग वाक्य."

"नाही सांगत."

"काऊन? पेपरात तर लिहिलं होतंस."

"त्यात माह्या बाबाचं नाव हाये. तुमच्या भावाचं नाही."

मी बसले नाही. गुरुजींनी दुसऱ्या मुलीला उठवलं.

मी बी.ए. झाले. घरातली पहिली. माझं अक्षर गुरुजींनीच वळवलं, ते उपकार मी विसरत नाही. पण बाबांशी बोललेलं खोटं अजून तसंच आहे.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी बाबांना सगळा वाचून दाखवणार आहे. ते वाक्यसुद्धा. ते नको म्हणाले तर त्यांचं नाव काढीन. कानावरचा मालकाचा हात काढणार नाही.