तुझी बी गेली का?

मित्रहो, माझ्यावर अन्याय होतोय. कोयनेच्या पाण्यावर महिनाभर बोटीत राहायला आलोय आणि बोटीच्या बॅटरीवर पंखा अन् मिक्सर एकदम चालत नाहीत. वारा खायचा की चटणी, हे रोज ठरवावं लागतं.

आज संध्याकाळी शेजारच्या बोटीतला दिवा गेला. तिथे म्हसवडचे नाना एकटेच राहतात. ते ओरडले, "गड्या, लाईट गेली रं. तुझी बी गेली का?"

इथे प्रत्येक बोटीची बॅटरी वेगळी. एकाची गेली म्हणून दुसऱ्याची कशी जाईल? हसणारच होतो, पण तासगाव आठवलं.

वडील फौजेत, घरी आई आणि मी. लाईट गेली की आई शेजारी हाक मारायची, "काकी, आवं तुमची बी गेली का?"

"व्हय गं, लय अंधार हाय. येते तिकडंच."

मग दोघी पायरीवर गप्पा मारत बसायच्या. काकींचं घर दुसऱ्या लाईनवर होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या बटण बंद करून यायच्या.

तुमच्या शेजारी होतं का असं कुणी?

मी दिव्याचं बटण बंद केलं. "गेली की नाना, माझी बी. चटणी घेऊन येतो तिकडंच."