मधली खुर्ची

निवडणूक आयोग शिकवायच्या दिवशी गांगुर्डे सर वर्गात तीन खुर्च्या मागवायचे. मधली सागवानी, हातांची, प्राचार्यांच्या खोलीतून पळवून आणलेली. बाजूच्या दोन पत्र्याच्या. मग पहिल्या बाकावरच्या एखाद्या दांडग्या पोराला हाक मारायचे, "ए नागरिक, ऊठ. हलव बघू ती मधली." पोरगं खुर्चीला हात घालणार, तेवढ्यात सर स्वतःच तीत ठाण मांडायचे आणि म्हणायचे, "आता हलव!"

सर सटाण्याकडचे. नाशकात जन्म गेला तरी राग आला की अहिराणी बाहेर पडायचीच. सगळ्यांना 'नागरिक' म्हणायचे, दूधवाल्यालासुद्धा. नव्वदच्या दशकातले ते दिवस म्हणजे सरांची दिवाळी होती. आयोग नुकताच तीन जणांचा झालेला, रंगवलेल्या भिंती उमेदवार रातोरात पुसून घेत होते, आणि सर वर्गात गर्जत होते, "कलम तीनशे चोवीस! मधल्याला, म्हणजे मुख्य निवडणूक आयुक्ताला, काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांचा ठराव लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढताना लागतो तसाच. बाजूचे दोघे मात्र मधल्याच्या शिफारशीशिवाय निघत नाहीत."

मी पहिल्यापासून आगाऊ. विचारलं, "सर, पण यांना बसवतं कोण?"

"राष्ट्रपती."

"म्हणजे सरकारच ना?"

सर हसले. "संसद कायदा करेल तोवर, असं लिहून ठेवलंय त्यात. होईल गं कायदा. कुठेतरी माणसावर विश्वास टाकावाच लागतो, नागरिक."

सर आमच्याच कॉलनीत राहायचे, हायवेवरच्या द्वारका चौकापासून हाकेच्या अंतरावर. कॉलनीत एक मोकळं मैदान होतं आणि मैदानात करंजाचं झाड. सरांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, चालणं थांबलं की तुम्ही संपलात. बाहेर द्वारकेच्या ट्रकांपुढे धडधाकट माणसाची छाती होत नव्हती, तिथे काकूंची काय कथा! त्या रोज त्या मैदानात फेऱ्या घालायच्या आणि दमल्या की करंजाला टेकायच्या. त्याच मैदानावर कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष, शेवाळे, यांना मंगल कार्यालय बांधायचं होतं.

मंडळाच्या मागच्या निवडणुकीत शेवाळ्यांनी स्वतःच मतं मोजली म्हणून भांडणं झाली होती. तेव्हा सभेने सरांनाच गळ घातली, "तुम्ही संविधान शिकवता, आम्हाला नियम करून द्या." सरांना तर आकाश ठेंगणं झालं! तीन जणांची निवडणूक समिती. प्रमुखाला काढायचं तर सभेच्या दोन तृतीयांश सभासदांचा ठराव. बाकीचे दोघे जातील ते फक्त प्रमुखाच्या शिफारशीवर. आणि सभा वेगळा नियम करेपर्यंत तिघांची नेमणूक अध्यक्ष करतील.

सभेत माझे वडील उठले. "सर, ज्याची निवडणूक तोच नेमणार?"

"संविधानातही तसंच आहे, अण्णा," सर म्हणाले. सरांचा शब्द होता. सगळ्यांनी हात वर केले, अण्णांनीसुद्धा.

शेवाळ्यांनी प्रमुख म्हणून आपल्या साडूला नेमलं. दुसरे निवृत्त पोस्टमास्तर, आणि तोंडदेखले तिसरे सर.

साडूने पहिलाच दणका दिला तो असा, की घर ज्याच्या नावावर, मत त्याचंच. कॉलनीतल्या विधवा बायकांची घरं अजून गेलेल्या नवऱ्यांच्या नावावर. त्या सगळ्या कार्यालयाच्या विरुद्ध होत्या, हे काय साडूला ठाऊक नव्हतं? सर आणि पोस्टमास्तर विरोधात गेले. दोनाविरुद्ध एक, निर्णय फिरला. सर संध्याकाळी आमच्या घरी आले ते पेढे घेऊन. "बघितलंस नागरिक? बहुमत!"

दुसऱ्या दिवशी साडूने दोघांना काढायची शिफारस केली, आणि शेवाळ्यांनी सही ठोकली. एकही नियम मोडला नव्हता हो! सगळं सरांच्याच हातचं.

साडूला काढायला सभा बोलावली. सर दारोदार फिरले. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाला त्र्यंबकेश्वरला जायचं, कुणी तोंडावर म्हणालं, "जाऊ द्या सर, आपल्याला काय करायचंय?" दोन तृतीयांश राहू द्या, निम्मेही आले नाहीत. सर रिकाम्या सतरंजीकडे बघत म्हणाले, "चूक मन्हीच शे." मला रडू आलं, आणि चीडही आली त्यांची. एवढा शिकवणारा माणूस, विंचवाला घर बांधून देतो आणि वर आतून कडी लावायची सोय करतो!

शेवाळे निवडून आले. पावसाळा संपताच करंज तोडला आणि मैदानावर कार्यालय उभं राहिलं. काकू काही दिवस गच्चीवर चालल्या, पण जिना चढवेना. मग घरातल्या घरात, मग पलंगापासून मोरीपर्यंत, मग तेही नाही. सर त्यांची वेणी घालायला शिकले. वाकडीतिकडी घालायचे आणि वर विचारायचे, "कशी झाली, नागरिक?"

शेवटी शेवटी मी गेले की ते तोच विषय काढायचे. "आला का गं कायदा? नेमणुकीचा?" दिल्लीतला की कॉलनीतला, मी कधी विचारलं नाही. दोन्हीकडे उत्तर एकच होतं. एकदा म्हणाले, "मी आयुष्यभर खुर्ची कशी हलत नाही ते शिकवलं. तू विचारत होतीस तेच शिकवायचं होतं गं." मी म्हटलं, "होईल सर कायदा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की पुन्हा ते वाक्य उच्चारायची माझी हिंमत झाली नाही.

सर गेले. शोकसभा मंडळाने घेतली, आणि घेणार कुठे? कार्यालयातच. काकूंना चौघांनी खुर्चीत बसवून उचलून आणलं. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच तिथे येत होत्या. स्टेजवर तीन खुर्च्या मांडलेल्या. एका बाजूला शेवाळे, दुसऱ्या बाजूला कुणी नगरसेवक, आणि मध्ये साडू. तो अजून प्रमुखच होता. काढणार कोण? सरांनी कॉलनीला लोकशाही शिकवली, असं तो गहिवरून सांगत होता.

काकू मान वळवून वळवून सगळीकडे बघत होत्या. मग माझा हात ओढून कानाशी म्हणाल्या, "करंज कुठे होता गं? मला काही पत्ताच लागत नाहीये."

मी मधल्या खुर्चीकडे बोट केलं.