कवठी चाफ्याची गुटी

गॅरेजात गाड्यांना स्प्रेने रंग मारण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. नाकावर फडकं बांधायचा त्याला कंटाळा. पन्नाशीच्या आतच वास येणं बंद झालं. हे फक्त बायकोला माहीत होतं. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कवठी चाफा लावला होता. संध्याकाळी अंड्यासारखी पांढरी कळी उमलली की ती आतून सांगायची, "सुटलाय हं वास." तो म्हणायचा, "बरं." आणि दोघं हसायची.

ती हृदयविकाराने गेली तेव्हा तो रडला नाही. बहीण चारचौघांत म्हणाली, "दगड आहेस नुसता." त्याने तिला चहा घेणार का विचारलं. राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. हात बधिर झाल्यावर चिमटा काढावा, तसं काहीसं.

चाफ्याला मात्र तो सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी ओतायचा. पानं पिवळी पडून गळू लागली.

"भाऊजी, झाडाला पोहायला शिकवताय का?" शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या. "माती सुकू द्या की जरा."

त्याने हात आवरला. झाड सावरलं, कळ्याही धरल्या. एका संध्याकाळी वहिनी फूल मागायला आल्या आणि खिडकीशीच थबकल्या. आत धावत जाऊन त्यांनी गॅस बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. तो तिथेच खुर्चीत पेपर वाचत बसला होता.

"अहो, एवढा वास मारतोय!"

"मला येत नाही," तो म्हणाला. "कधीपासूनच."

वहिनींनी त्याच्या मुलीला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती हजर. "बाबा, आता इथे एकटं राहायचं नाही." त्याने वाद घातला नाही. झाड उपटून न्यायचं का, एवढंच विचारलं. रोपवाटिकेतला माळी म्हणाला, "एवढं जुनं झाड जगायचं नाही. गुटी बांधा."

त्याने एका फांदीची साल कड्यासारखी सोलली, ओलं शेवाळ लावून प्लास्टिक गुंडाळलं, वर सुतळी आवळली. पावसाळ्यात आतून पांढरी मुळं दिसू लागली. फांदी खालून कापून त्याने कुंडीत लावली आणि मुलीकडे राहायला गेला. घर भाड्याने दिलं. मोठं झाड भाडेकरूंकडे राहिलं.

गॅलरीत रोप तगलं, पण पानांखाली पांढरी कीड लागली. तो साबणाच्या पाण्यात कापड बुडवून एकेक पान पुसत बसला. मुलगी शेजारी येऊन बसली.

"आईची आठवण येते का हो?"

तो पान उलटं धरून विचार करत राहिला.

"अजून नाही," तो म्हणाला.

दुसरं फडकं घेऊन तिने पलीकडच्या बाजूने पानं पुसायला घेतली.