आधी खोट, मग भाव

"गो बाय, हे उठणत नाय..." मामीचा एवढाच फोन. मी दादरला भाजीवालीपुढे उभी राहून गवार निवडत होते. पिशवी तिथेच टाकली आणि टॅक्सी पकडली. काळाचौकीला पोचले तोवर बाबलमामा गेला होता. झोपेतच. तक्रार करायची सवय त्याला कधी नव्हतीच, जातानाही त्याने केली नाही. आता दोन महिने होतील. तरी चाळीच्या जिन्याशी आले की मान आपोआप खाली वळते...

कारण मामा असायचा तो जिन्याखाली. माझ्या आईचा धाकटा भाऊ, शाळेत शिपाई. दुपारी घरी आला की शर्ट काढून खुंटीला, आणि स्वारी बनियनवर खाली. भंगारातून आणलेल्या जुन्या सायकली तो उभ्या करायचा आणि विकायचा. त्याही साध्यासुध्या, पेपरवाल्यांच्या, दूधवाल्यांच्या. विकण्याआधी मात्र तासभर तपासणी चाले. गोणपाट पसरून सायकल उलटी करायची, पायडलच्या मधल्या नळीखाली ठोकलेला नंबर वाचायचा. रंग देताना त्या नंबरावर तो मेण लावून ठेवी, म्हणजे आकडे बुजत नसत. मग चाक फिरवून कानाने छर्रे ऐकायचे, वीतभर उचलून सोडायची, काय खुळखुळतंय ते बघायचं आणि शेवटी भोईवाड्यापर्यंत एक फेरी. गिऱ्हाईक आलं की भाव सांगण्याआधी हा सगळ्या खोटी सांगत सुटायचा. "मागची रिम बदललेली आहे, बरं का. सीट दुसऱ्या गाडीची. ब्रेक दाबायला जरा कडक." मामी वरून ओरडायची, "दुकान चालवतास की कबुलीजबाब देतास?" तो हसायचा. "आधी खोट सांगायची, मग भाव. नंतर कळली तर माणूस परत येत नाही." गिऱ्हाईक बिचकायचं खरं, पण बहुतेक वेळा तीच सायकल घेऊन जायचं.

मी सातवीत असताना त्याने माझ्यासाठीही एक उभी केली. त्या वेळची सगळ्यांत स्वस्त जात, रंग निळा. समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलींच्या सायकली नव्याकोऱ्या, मोठ्या कंपनीच्या. मी तोंड फुगवून बसले. मामाच्या डब्यात कुठल्याशा विलायती सायकलची पितळी पाटी पडली होती. तीच माझ्या सायकलीला लाव म्हणून दोन दिवस हट्ट. शेवटी त्याने दोन रिबिटं ठोकून हँडलखाली ती लावली. डब्यात जोडीची रिबिटं नव्हती, म्हणून एक गोल डोक्याचं, एक चपटं. "लावतो. पण कुणी विचारलं तर खरं सांगायचं." मी हो म्हटलं. सगळ्यांना सांगितलं विलायती म्हणून. लग्न होऊन मी दादरला गेले तेव्हा सायकल मामाकडे राहिली. त्याने तिला हिरवा रंग दिला आणि शेवटपर्यंत तिच्यावरूनच शाळेत गेला, निवृत्तीनंतर बाजारात.

मामा गेल्यावर मामी म्हणाली, "उभी रवली तर गंजतली. वीक." तिचा मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशनला पैसे हवेच होते. मी फोटो काढले, मोबाइलवर जाहिरात टाकली: 'जुनी, विलायती, अस्सल.' खरं सांगते, लबाडी करायची म्हणून नाही लिहिलं. इतकी वर्षं तेच सांगत आले होते की माझा स्वतःचाच विश्वास बसला होता. जुन्या गिरणीच्या जागेत कॅफे काढलेल्या एका तरुणाचा लगेच फोन आला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी खुर्चीत बसले. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊन वर पैसे उरले असते.

तो येणार त्या सकाळी मी मामासारखी गोणपाटावर सायकल उलटी केली. नंबर स्वच्छ वाचता आला. सुलटी करताना पाटीवर नजर गेली... एक रिबिट गोल, एक चपटं. ती मामाने माझ्या हट्टापायी ठोकलेली, हे तेव्हा कुठे आठवलं. मामीला सगळं सांगितलं. ती पदराने पाटी पुसत राहिली. तो तरुण आला, तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं, "पाटी खोटी आहे. सायकल साधी आहे." म्हटलं, आता हा जाईल. तो शांतपणे म्हणाला, "चालेल ना, ताई. पाटी दिसतेय ना? भिंतीवर लावायचीय, चालवायचीय कुणाला?" भाव तोच. मी मामीकडे बघितलं. डोळे तिचे होते, ठरवायचंही तिनेच. मामीने खोलीतल्या मामाच्या फोटोकडे बोट केलं. "एक माणूस भिंतीवर टांगलेलो हा, तेवढो पुरे. सायकल रस्त्यावरच बरी." मला हसूही आलं आणि रडूही. ऑपरेशनचं मी बघते म्हटलं.

दुसरी जाहिरात मामाच्या पद्धतीने लिहिली. 'सगळ्यांत स्वस्त जातीची. मागची रिम बदललेली. डावीकडे जरा ओढते. नंबर शाबूत. चालते झकास.' फोन एकच आला. श्वेता, याच भागात घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणारी मुलगी. भोईवाड्यापर्यंत फेरी मारून आली आणि म्हणाली, "अजून काय खोट आहे का?" मी म्हटलं, "नाही गं, सगळ्या सांगून झाल्या." "मग घेते." मामी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

मामीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. सकाळी ती गॅलरीत उभी राहते आणि हिरवी सायकल गेली की मला फोन करते. पाटी मात्र विकण्याआधीच काढून घेतली होती. खाली माझ्या सातवीतला निळा रंग निघाला, तो तसाच ठेवला. पाटी आता माझ्या दारावर आहे, त्याच दोन रिबिटांनी ठोकलेली. येणारा प्रत्येक जण विचारतो, "वा, अस्सल का?" मी आधी सांगते, "नाही, खोटी आहे." आणि मग त्यांना आत बोलावून मामाबद्दल सांगते.