हमीदचाचांची बोटं

हात ऐन रंगात आला, की हमीदचाचा पुढे वाकायचे आणि माझ्या मांडीवरच्या ढोलकीच्या कड्या भराभर खाली सरकवायचे. दोरी सैल, कातड्याची पुडी ढिली, आवाज मेलेला. मग मी कितीही तोंड वाकडं केलं तरी वाजवणार काय, कप्पाळ! "आता भाईर जा, च्या पी, गाड्या बघ," ते म्हणायचे. "अर्ध्या तासानं ये. हाताला वापसा येऊ दे."

वापसा हा शब्द त्यांनी आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांकडूनच उचलला होता. मी वारूळवाडीचा, घरची टोमॅटोची शेती. पाणी दिलेल्या रानात लगेच पाय घालायचा नाही, ओल जिरून माती मोकळी होईपर्यंत थांबायचं, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण तेच हातालाही लागू होतं, हे जुन्नरच्या एका ढोलकी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने मला शिकवावं, याचा तेव्हा रागच यायचा. मी विशीतला, डोक्यात हवा. दुसरीकडची पोरं चार-चार तास बडवतात आणि आमचे उस्ताद चहा पाजून वाटेला लावतात!

चाचांचं दुकान म्हणजे एकच खोली. पुढे पुड्या बदलायला आलेल्या ढोलक्या आणि तबले, मागे चटईवर आम्ही दहाजण पाळीपाळीने. तरुणपणी त्यांनी तमाशाच्या फडात ढोलकी वाजवली होती, पुढे ती सोडली. का सोडली विचारलं, की "आईला शब्द दिला व्हता" एवढंच उत्तर. शिकवतानाही ते कधी वाजवून दाखवत नसत, सगळं तोंडाने. बोल म्हणू लागले की ढोलकी नसल्याचं लक्षातही येत नसे. स्वतःचा शब्द पाळणारा असा माणूस आम्हाला फार थोर वाटायचा.

अशात नारायणगावात एका फडमालकाने माझा हात ऐकला. त्याचा ढोलकीवाला आजारी होता. "म्हैन्यानं ये," तो म्हणाला, "चैत्राच्या जत्रांना तुलाच घेतो." झालं! मी जुनी ढोलकी विकत घेतली आणि टोमॅटोच्या क्रेटच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. सकाळी तीन तास, दुपारी तीन तास. बोटांना चिरा पडल्या, तेव्हा चिकटपट्ट्या गुंडाळल्या आणि पुन्हा बसलो. चाचांच्या नजरेतून त्या सुटल्या नाहीत.

"घरी वाजवतुस काय रं?"

"नाही चाचा. क्रेट उचलताना लागलं." इतकं सफाईदार खोटं मी त्याआधी बोललो नव्हतो.

त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. "पट्टीनं दुखणं गप बसतंय, राव, बरं व्हत न्हाई. बोट वरडत असंल तर वरडू द्यावं. त्येच्याबिगर आपल्याला सांगणार कोण?"

तिसऱ्या आठवड्यात उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळू लागली. दुखत अजिबात नव्हती. मला वाटलं, रियाज कमी पडतोय! म्हणून आणखी दोन तास वाढवले. शेवटी अशी वेळ आली, की ढोलकीला हात लावला की बोटं मिटायची आणि ढोलकी खाली ठेवली की आपोआप उघडायची. आईने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. डॉक्टर म्हणाले, हाडात दोष नाही, हाताला विश्रांती द्या. आणि फडात जायला उरले होते दोन दिवस.

कुणीतरी चाचांच्या कानावर घातलं असावं. ते एसटीने वारूळवाडीला आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले. मी खोटं बोललो होतो ते रडत-रडत कबूल केलं. त्यांनी ढोलकी मागितली, मांडीवर घेतली आणि तिच्यावर उजवा हात ठेवला. लाजाळूचं पान मिटावं तशी त्यांची दोन बोटं तळव्यात मिटली. त्याच हाताने ते रोज कातडं ताणायचे, सुई चालवायचे. पण ढोलकीवर तो उघडत नव्हता.

"येका दिवसात दोन-दोन गावच्या जत्रा केल्या, पट्ट्या लावून," ते म्हणाले. "आईला शब्दबिब काय बी दिला नव्हता. लाज वाटली, म्हणून गोष्ट रचली." मग खाली बघत म्हणाले, "तुला रोज सांगत ऱ्हायलो, दाखवलं मातर न्हाई. दाखवलं असतं तर तू थांबला असतास. चूक माझी हाय."

ती चूक त्यांची नव्हती.

फडात दुसरा कुणी गेला. चाचांनी चार महिने मला ढोलकीला शिवू दिलं नाही, नुसते बोल म्हणायला लावले. त्यानंतर दिवसाला पाच मिनिटं. हात परत आला, बराचसा.

तेव्हापासून चाचा नव्या शिष्याला पहिल्याच दिवशी ढोलकीवर हात ठेवून आपली मिटलेली बोटं दाखवू लागले. बातमी जुन्नरभर झाली. ज्याला स्वतःला वाजवता येत नाही तो काय शिकवणार, असं म्हणत पालक पोरं काढून घेऊ लागले. दहाजणांतले माझ्यासकट तिघं उरले. मला राहवेना. म्हटलं, "चाचा, झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला दाखवता?"

"सव्वा लाखाची मूठ घिऊन मी काय करू? पोराचा हात गेला तर त्यो कुठनं आणून देऊ?"

गेल्या थंडीत चाचा गेले. चार दिवसांचा ताप, बस्स. कब्रस्तानात माती देताना शिष्य म्हणून आम्ही तिघंच होतो. एवढ्या थोर माणसाला तिघंच, हे मला अजून सहन होत नाही.

हल्ली संध्याकाळी मी वारूळवाडीत ढोलकी शिकवतो. बोरी बुद्रुकहूनही पोरंपोरी येतात. वापसा सांगतो, कड्याही उतरवतो. माझी करंगळी अर्ध्या तासाने अजून आत वळते. ती वळायच्या आत मी काहीतरी निमित्त काढून उठतो.

परवा एक मुलगी दोन बोटांना पट्ट्या गुंडाळून आली. मी म्हणालो, "आधी त्या काढ. हात कायमचा जातो."

तिने सरळ विचारलं, "सर, तुमाला झालं व्हतं का कधी?"

मी उजवा हात खिशात घातला. "मला नाही," म्हणालो, "माझ्या ओळखीच्या एकाला झालं होतं."